डे झीरोच्या आधी: स्टेम सेलमधून मज्जासंस्थेची सुरुवात अभ्यासायला निघालेल्यांसाठी

पीएचडीच्या चौथ्या महिन्यात मी लॅब मीटिंगमध्ये एक स्लाइड दाखवली. पेशी वाढवायच्या प्लेटभर हिरवे ठिपके. सॉक्स२ या प्रथिनाला चिकटून ते उजळवणारी अँटिबॉडी लावली होती आणि जवळजवळ प्रत्येक पेशी उजळली होती. सॉक्स२ हा न्यूरल, म्हणजे मज्जासंस्थेच्या, पेशींचा मार्कर (ओळखखूण), म्हणजे माझ्या स्टेम सेलचं (कुठल्याही प्रकारची पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींचं) रूपांतर झकास झालं, असा माझा सरळ हिशोब. मागच्या खुर्चीवरून एका सीनियरने शांतपणे विचारलं, "ऑक्ट४ लावलं होतंस का?"

नव्हतं लावलं. दुसऱ्या दिवशी लावलं, तर त्याच पेशी तितक्याच उजळल्या. सॉक्स२ न्यूरल पेशींत असतं तसंच स्टेम सेलमध्येही असतं. ऑक्ट४ हे स्टेम सेलचं प्रथिन मात्र न्यूरल वाटेला लागलेल्या पेशींतून नाहीसं व्हायला हवं. थोडक्यात, माझ्या पेशी दहा दिवस जागच्या हलल्याच नव्हत्या आणि मी त्यांचं 'मेंदू' म्हणून बारसं करून मोकळी झाले होते.

मानवी स्टेम सेल वापरून मज्जासंस्थेचे पहिले काही आठवडे कसे घडतात, यावर पीएचडी सुरू करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. प्रोटोकॉल, म्हणजे प्रयोगाच्या कृती, तुम्हाला कुठेही मिळतील. पहिल्या दोन वर्षांत पाय कुठे घसरतो, ते प्रोटोकॉलमध्ये नसतं.

१. आधी भ्रूण, मग प्लेट

पहिला महिना हूडमध्ये (पेशी हाताळायच्या जंतुमुक्त कपाटात) हात घालण्याआधी भ्रूणशास्त्र वाचा. कंटाळवाणं वाटेल, तरी वाचा.

फलनानंतर तिसऱ्या आठवड्यात मानवी भ्रूणाच्या चपट्या चकतीत पेशींचे तीन थर तयार होतात. वरच्या थराचा मधला पट्टा जाड होतो, ती न्यूरल प्लेट. तिच्या कडा उचलल्या जातात, आत वळतात आणि मधोमध जुळून एक नळी बनते, ती न्यूरल ट्यूब. मेंदू आणि मज्जारज्जू दोन्ही याच नळीतून घडतात. साधारण २८ व्या दिवसापर्यंत ती दोन्ही टोकांना बंद झालेली असते. खालचं टोक उघडं राहिलं तर स्पायना बिफिडा होतो. तोवर बहुतेक बायकांना दिवस गेल्याची नुकती कुठे शंका आलेली असते, आणि म्हणूनच फॉलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधीपासून घ्यायला सांगतात. हा काळ माणसात प्रत्यक्ष बघता येत नाही. तुमचा सगळा खटाटोप या एका अडचणीपोटी आहे.

आता हिल्डे मॅनगोल्डची गोष्ट, कारण तीही पीएचडीची विद्यार्थिनी होती. न्यूट या उभयचर प्राण्याच्या भ्रूणातला एक छोटा तुकडा तिने दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाकडच्या बाजूला लावला, आणि तिथे दुसरी मज्जासंस्था उभी राहिली. १९२४ साली हान्स स्पेमान यांच्यासोबत तिचा निबंध आला. त्याच वर्षी तिचा अपघाती मृत्यू झाला. १९३५ चं नोबेल एकट्या स्पेमान यांना मिळालं. मला यातलं सगळ्यात आवडतं ते तिचं नियोजन. देणारा आणि घेणारा भ्रूण तिने वेगळ्या रंगद्रव्याच्या दोन जातींचे निवडले होते. त्यामुळे नवी मज्जासंस्था कोणाच्या पेशींची, हे नुसतं बघून कळत होतं. तर तिच्यातला मोठा भाग यजमानाच्याच पेशींचा निघाला. तुकड्याने शेजाऱ्यांना 'तुम्ही मज्जासंस्था व्हा' असा निरोप दिला होता.

तो निरोप काय होता, हे कळायला १९९० चं दशक उजाडलं. नॉगिन आणि कॉर्डिन ही प्रथिनं सापडली आणि ती बीएमपी या संकेताला अडवतात असं दिसलं. म्हणजे निरोप असा काही नव्हताच. 'त्वचा हो' म्हणणाऱ्याचं तोंड बंद केलं की वरच्या थरातल्या पेशी न्यूरल वाट धरतात. तुमचा प्रोटोकॉल हेच करतो, फक्त बाटलीतल्या छोट्या रेणूंनी.

पुढचं कागदावर स्वतः काढा: नळीचा उभा आणि आडवा छेद. मागच्या टोकाकडे डब्ल्यूएनटी, एफजीएफ आणि रेटिनॉइक ॲसिड हे संकेत देणारे रेणू. नळीच्या पोटाकडच्या बाजूने सॉनिक हेजहॉग हा संकेत, पाठीकडून पुन्हा बीएमपी आणि डब्ल्यूएनटी. जो बीएमपी सुरुवातीला अडवायचा, तोच नळी बनल्यावर पाठीकडच्या पेशी घडवायला लागतो. वेळ बदलली की रेणूचा अर्थ बदलतो. हे चित्र टेबलासमोर चिकटवून ठेवा. माझं पाच वर्षं तिथेच होतं, कॉफीच्या डागासकट.

२. प्रश्न इतका लहान करा की जरा लाज वाटेल

"अमुक आजारात मेंदूचा विकास कसा बिघडतो?" हा विभागाचा प्रश्न झाला, प्रबंधाचा नाही. "अमुक जनुकाची एक प्रत नसेल तर न्यूरल पेशी वेळेआधी न्यूरॉन बनतात का?" हा प्रबंधाचा. कसोटी सोपी आहे. रिकामा आलेख काढा. आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय? उत्तर 'हो' आलं तर काय कळेल आणि 'नाही' आलं तर काय? 'नाही' आल्यावर हातात काहीच उरत नसेल तर प्रश्न बदला.

मग साधन निवडा. गाइड म्हणतील "ऑर्गनॉइड करू", कारण ऑर्गनॉइड, म्हणजे स्टेम सेलपासून वाढवलेले अवयवासारखे छोटे गोळे, दिसतात सुंदर. मॅडेलिन लँकेस्टर आणि युर्गेन नोब्लिश यांच्या गटाने २०१३ मध्ये मेंदूचे ऑर्गनॉइड दाखवल्यापासून सगळ्यांना ते हवे असतात. पण त्यांना रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे मोठे झाले की गाभ्यातल्या पेशी मरतात. शिवाय एकाच दिवशी केलेले दोन गोळे एकमेकांसारखे निघतीलच असं नाही. पेशींचं रूपांतर कधी होतं, किती टक्के होतं, हा प्रश्न असेल तर प्लेटवरचा साधा सपाट थर पुरतो आणि सहा महिने वाचवतो. नळी वळते कशी, आकार कसा येतो, हा प्रश्न असेल तर मात्र सपाट थर कामाचा नाही. तिथे ठरावीक आकाराच्या ठिपक्यांवर पेशी वाढवायच्या पद्धती बघा.

आणि एक प्रश्न गाइडना विचारायला कचरू नका: हे मानवी पेशींतच का करायचं? उंदराच्या स्टेम सेल १९८१ पासून हाताशी आहेत आणि त्या भराभर पुढे सरकतात. प्रश्न माणसाचा खास नसेल तर उंदरात निम्म्याहून कमी वेळात उत्तर मिळेल.

३. कागदपत्रं: हे पहिल्याच आठवड्यात सुरू करा

मानवी भ्रूणातून काढलेल्या स्टेम सेल १९९८ मध्ये जेम्स थॉमसन यांच्या गटाने पहिल्यांदा वाढवल्या. २००६ मध्ये ताकाहाशी आणि यामानाका यांनी उंदराच्या, आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींना चार जनुकं देऊन परत स्टेम सेलसारखं केलं, त्या आयपीएस पेशी. दोन्हींच्या परवानग्या वेगळ्या असतात. कुठल्याही देशात असलात तरी ही फाइल लागेलच:

- संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी, आणि स्टेम सेलसाठी वेगळी समिती असेल तर तिचीही
- पेशी देणाऱ्या संस्थेशी साहित्य हस्तांतरणाचा करार
- दात्याच्या संमतीची व्याप्ती सांगणारा कागद (आयपीएस असेल तर जनुकीय माहिती प्रसिद्ध करायची मुभा आहे का, ते खास बघा)
- सेल लाइनचा (एकाच उगमापासून वाढवत नेलेल्या पेशींचा) दाखला: पासेज क्रमांक (पेशी किती वेळा उचलून नव्या प्लेटवर लावल्या), डीएनए ओळख, गुणसूत्रांची तपासणी, मायकोप्लाझ्मा (प्लेटमध्ये शिरणारा सूक्ष्म जिवाणू) नसल्याचा अहवाल
- जनुक बदलणार असाल तर जैवसुरक्षा समितीची परवानगी
- तुमचं स्वतःचं जैवसुरक्षा आणि लिक्विड नायट्रोजनचं प्रशिक्षण

सापळा हस्तांतरणाच्या करारात असतो. तो दोन संस्थांच्या कायदा विभागांमध्ये फिरतो आणि महिने खातो. आणि "शेजारच्या लॅबकडून पेशींची एक व्हायल घेऊन येते" असं कधी करू नका. करारात बहुधा लिहिलेलं असतं की पेशी तिसऱ्याला देता येणार नाहीत. वर त्या पेशी नक्की कोणाच्या, हेही ठाऊक नसतं.

भ्रूणासारखी रचना तयार करणारं काम असेल तर आयएसएससीआर या स्टेम सेल संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. २०२१ मध्ये त्यांत मोठे बदल झाले आणि नंतरही भर पडली आहे, तेव्हा ताजी आवृत्तीच घ्या. याच संस्थेने २०२३ मध्ये प्रयोगशाळेतल्या दर्जाची मानकंही काढली. ती वाचल्यावर पुढचा मुद्दा मी एवढा का ताणला आहे ते कळेल.

४. पहिले तीन महिने फक्त पेशी सांभाळा

रूपांतराचा प्रयोग नाही, अँटिबॉडी नाही. फक्त स्टेम सेल जिवंत आणि स्टेम सेलच ठेवायच्या. ऐकायला सोपं वाटतं.

रोज मायक्रोस्कोपखाली बघा आणि डोळा तयार करा. निरोगी वसाहतीची कड गुळगुळीत असते, पेशी दाटीवाटीने बसलेल्या, केंद्रक मोठं, भोवती पेशीद्रव्य जेमतेम. कडेला पसरट, लांबुळक्या पेशी दिसू लागल्या की समजा, काहींनी वाट सोडली. रोज एकाच भिंगातून फोटो काढा. महिन्याभराने जुने फोटो लावून बघाल तेव्हा डोळा किती बदललाय ते कळेल.

पेशी नव्या प्लेटवर न्यायला उचलायच्या वेळी, म्हणजे साधारण ७० टक्के जागा भरल्यावर, ०.५ मिलिमोलर ईडीटीए (पेशींची पकड सैल करणारं द्रावण) ३ ते ५ मिनिटं. घड्याळापेक्षा मायक्रोस्कोपवर विश्वास ठेवा. पेशींमध्ये फटी दिसू लागल्या की ईडीटीए काढा आणि मीडियमने (पेशींच्या खाद्यद्रवाने) हलकेच सोडवा. पिपेटने घुसळू नका. छोटे पुंजके हवेत, सुट्या पेशी नकोत, कारण मानवी स्टेम सेल एकट्या पडल्या की मरतात. २००७ मध्ये योशिकी सासाई यांच्या गटाने दाखवलं की रॉक इनहिबिटर वाय-२७६३२ हे औषध दिलं तर सुट्या पेशीही तग धरतात. १० मायक्रोमोलर, एक दिवस. दुसऱ्या दिवशी मीडियम बदलून ते काढायचंच. नव्या मुलामुलींना ते ठेवावंसं वाटतं, पेशी छान पसरलेल्या दिसतात म्हणून. तो पसरटपणा औषधाचा असतो, तब्येतीचा नाही.

पेशी चिकटाव्यात म्हणून प्लेटवर मॅट्रिजेलचा थर देत असाल तर ते रात्रभर ४ अंशांवर, बर्फात ठेवून वितळवा. पिपेटच्या टिपा गार, नळ्या गार, हातही शक्य तेवढे गार. १० अंशांच्या वर ते घट्ट व्हायला लागतं आणि एकदा गुठळी झाली की ती बाटली गेली. ते उंदराच्या गाठीतून काढतात, त्यामुळे एक लॉट दुसऱ्यासारखा नसतो. लॉट नंबर वहीत लिहा. त्याऐवजी विट्रोनेक्टिन किंवा लॅमिनिन हे प्रथिन वापरता आलं तर हा त्रास बराच कमी होतो.

मीडियममधलं एफजीएफ ३७ अंशांवर फार टिकत नाही, म्हणून रोज मीडियम बदलायचं असतं. टिकाऊ एफजीएफ असलेलं मीडियम मिळतं, तेव्हा शनिवार-रविवारचा वाद मिटतो. नाही तर लॅबमध्ये पाळी लावा. पाळीत दुसऱ्याच्या पेशींना फक्त मीडियम द्यायचं, "जरा दाट वाटल्या म्हणून उचलल्या" असं नाही. यावरून अबोला झालेला मी पाहिला आहे.

अँटिबायोटिक घालू नका. घातलं की हाताचा ढिसाळपणा लपतो, आणि मायकोप्लाझ्मा तर त्यातूनही तरतो. त्याला पेशीभित्तिका नसते, त्यामुळे पेनिसिलिनचा उपयोग शून्य. साध्या मायक्रोस्कोपखाली तो दिसत नाही, मीडियम गढूळ होत नाही, पेशी मात्र हळूहळू विचित्र वागायला लागतात. महिन्यातून एकदा पीसीआर (डीएनए शोधणारी चाचणी) करा. बाहेरून आलेली लाइन अहवाल येईपर्यंत वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये.

आता गुणसूत्रं. दुसऱ्या वर्षी माझी एक लाइन एकाएकी गुणी झाली. भराभर वाढायची, उचलल्यावर मरायची नाही, मी खूश. पण न्यूरल रूपांतर मात्र बिघडत चाललं होतं. मी मीडियमला दोष दिला, मग लॉटला, मग स्वतःला. शेवटी तपासलं तर २० व्या गुणसूत्राचा २०क्यू११.२१ हा तुकडा जास्तीचा झाला होता. मानवी स्टेम सेलमध्ये वारंवार दिसणारा हा बदल आहे. त्या तुकड्यात पेशीला मरणापासून वाचवणारं बीसीएल२एल१ हे जनुक असतं, म्हणून ज्या पेशीत तो शिरतो ती बाकीच्यांना मागे टाकते आणि काही आठवड्यांत प्लेट तिचीच होते. तुकडा छोटा असल्यामुळे नेहमीच्या पट्ट्यांच्या तपासणीत निसटू शकतो. त्यासाठी त्या जागेच्या प्रती मोजणारी वेगळी चाचणी, क्यूपीसीआर, लागते. चार महिन्यांचं काम बाजूला ठेवलं. तेव्हापासून पेशी अचानक 'चांगल्या' वागू लागल्या की मला धडकी भरते.

यावर उपाय बँक. लाइन आली की लवकरात लवकर वाढवून एकाच पासेजच्या २० तरी व्हायल गोठवा. मिनिटाला १ अंश या गतीने उणे ८० पर्यंत, मग लिक्विड नायट्रोजनमध्ये. एक व्हायल लगेच वितळवून बघा की पेशी जगतात का. ही पायरी सगळे गाळतात आणि गरज पडेल तेव्हा रडतात. त्या बँकेची गुणसूत्रं, डीएनए ओळख आणि मायकोप्लाझ्मा तपासा. मग दर दहा पासेजनंतर जुनी प्लेट टाकायची आणि नवी व्हायल काढायची, जुनी कितीही छान दिसत असली तरी.

५. डे झीरो

रूपांतर ज्या दिवशी सुरू करता तो डे झीरो. सगळ्यात जास्त वापरली जाते ती २००९ साली लोरेन्झ स्टुडर यांच्या गटातून आलेली पद्धत. बीएमपीचा रस्ता आणि टीजीएफ-बीटा या दुसऱ्या संकेताचा रस्ता, दोन्ही एकाच वेळी अडवायचे. तेव्हा त्यांनी नॉगिन आणि एसबी४३१५४२ (टीजीएफ-बीटा अडवणारा रेणू) वापरलं आणि ८० टक्क्यांहून जास्त पेशी न्यूरल झाल्या. आता महागड्या नॉगिनच्या जागी बहुतेक ठिकाणी एलडीएन१९३१८९ असतं. प्रमाण सहसा एलडीएन १०० नॅनोमोलर, एसबी १० मायक्रोमोलर. पहिल्या आठवड्याच्या शेवटी पॅक्स६ हा न्यूरल मार्कर दिसायला लागतो, आणि नंतर पेशी फुलासारख्या गोलाकार मांडणीत उभ्या राहतात. त्यांना रोझेट म्हणतात. मधोमध इवलीशी पोकळी, जणू नळीचाच छेद. पहिलं रोझेट दिसेल त्या दिवशी कामाचं नाव काढू नका, बघत बसा.

हे बिघडतं कुठे?

दाटी. डे झीरोला पेशी जवळपास पूर्ण भरलेल्या हव्यात. विरळ असल्या तर त्याच औषधांत बऱ्याच पेशी न्यूरल क्रेस्टकडे जातात. न्यूरल क्रेस्ट म्हणजे नळीच्या कडेवरून निघून अंगभर पसरणाऱ्या पेशी. त्या 'मेलेल्या' किंवा 'खराब' नसतात, फक्त तुम्हाला नको असतात. अंदाजाने टाकू नका, मोजून टाका. आणि मोजणाऱ्या यंत्राला एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी ताडून बघा.

सुरुवातीची तब्येत. वसाहतीत आधीच वाट सोडलेल्या पेशी असतील तर पुढे पुंजक्यापुंजक्याने भलतंच उगवतं. डे झीरोच्या आदल्या दिवशीचा फोटो वहीत हवाच. प्रयोग बिघडला की मी पहिलं पान तेच उघडते.

बी२७. हे पूरक दोन प्रकारांत मिळतं, व्हिटॅमिन ए असलेलं आणि नसलेलं. व्हिटॅमिन एपासून पेशी रेटिनॉइक ॲसिड बनवतात आणि रेटिनॉइक ॲसिड त्यांना मागच्या दिशेला ढकलू शकतं. पुढच्या मेंदूवर काम करताना व्हिटॅमिन ए असलेली बाटली उघडली तर आठवडाभराने चुकीच्या गावाला पोचाल. दोन्ही बाटल्या जवळपास सारख्याच दिसतात. मी आमच्या एकीवर लाल टेप लावली होती.

सीएचआयआर९९०२१. हा रेणू डब्ल्यूएनटीचा रस्ता उघडतो. थोडा दिला तर मध्यमेंदू, जास्त दिला तर आणखी मागे. प्रमाणातला किंचित फरक पेशींचा पत्ता बदलतो, आणि कोणत्या प्रमाणाला काय होतं हे लाइनगणिक बदलतं. दुसऱ्या लॅबचा आकडा तसाच उचलू नका. पाच-सहा प्रमाणं लावून आपल्या लाइनचा तक्ता करा. दोन आठवडे जातात, जाऊ द्या.

एक मोठा गैरसमज इथेच मिटवते. वरची पद्धत नुसती चालवली तर पुढच्या मेंदूच्या पेशी मिळतात. 'आधी पुढचा मेंदू करू आणि मग रेटिनॉइक ॲसिड ओतून मज्जारज्जू करू' हे मागच्या टोकापर्यंत नीट पोचत नाही. भ्रूणातही मज्जारज्जूचा बराच भाग वेगळ्या पेशींतून येतो. त्या न्यूरल आणि स्नायू-हाडांकडे जाणाऱ्या, दोन्ही वाटा उघड्या ठेवून बसलेल्या असतात. सॉक्स२ आणि ब्रॅकियुरी (स्नायू-हाडांच्या वाटेचा मार्कर) एकाच पेशीत दिसलं की ही मंडळी समजायची. प्लेटवर त्या डब्ल्यूएनटी आणि एफजीएफच्या दोन-तीन दिवसांच्या डोसाने तयार होतात आणि मग त्यांना न्यूरल दिशेला वळवतात. मज्जारज्जूवर काम असेल तर डे झीरोच वेगळा आहे.

६. कोण, कुठे, केव्हा

माझ्या त्या हिरव्या स्लाइडवरून शिकलेली पद्धत. कुठल्याही प्लेटला तीन प्रश्न विचारते आणि प्रत्येकाला किमान दोन मार्कर देते: एक असायला हवा तो, एक नसायला हवा तो.

कोण? पॅक्स६ आणि सॉक्स२ आहेत, ऑक्ट४ आणि नॅनॉग नाहीत. क्रेस्टची शंका असेल तर सॉक्स१०. कुठे? पुढच्या मेंदूत फॉक्सजी१. मागे हॉक्स जनुकं, आणि कोणती हॉक्स चालू आहेत त्यावरून किती मागे तेही कळतं. पोटाकडच्या बाजूला ऑलिग२, एनकेएक्स२.२, अगदी तळाला फॉक्सए२. केव्हा? विभागणाऱ्या पेशींसाठी केआय६७, न्यूरॉन झालेल्यांसाठी ट्युबबी३ किंवा एचयूसी/डी.

इथेही एक खड्डा आहे. 'पॅक्स६ नाही म्हणजे न्यूरल नाही' असं धरून चालू नका. नळीच्या अगदी तळाच्या पेशींत पॅक्स६ नसतं आणि त्या पक्क्या न्यूरल असतात. सॉनिक हेजहॉगचा डोस दिलेल्या प्लेटवर पॅक्स६ गायब झालं म्हणून मी एक उत्तम प्रयोग टाकून दिला होता. तो किस्सा गाइडना अजून सांगितलेला नाही.

अँटिबॉडी नवी आली की आधी अशा पेशींवर लावा जिथे ते प्रथिन नक्की आहे, आणि अशांवर जिथे नक्की नाही. नुसत्या दुसऱ्या अँटिबॉडीची (पहिलीला चिकटून चमकणाऱ्या) एक विहीर, म्हणजे प्लेटमधला एक खळगा, प्रत्येक वेळी. मोजणी डोळ्यांनी नको. फिजी आणि सेलपोज ही मोजणीची दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, आणि मोजणाऱ्याला कुठली विहीर कोणती हे माहीत नसलेलं बरं.

सिंगल सेल सीक्वेन्सिंग (एकेका पेशीत कोणती जनुकं चालू आहेत ते वाचणं) शेवटी. पैसे लागतात म्हणून नव्हे (लागतातच). वरच्या तीन प्रश्नांची उत्तरं साध्या अँटिबॉडीने मिळालेली नसतील तर त्या रंगीत नकाशात तुम्हाला हवं ते दिसायला लागतं.

७. 'एन' किती?

एन म्हणजे स्वतंत्र प्रयोगांची संख्या. तीन विहिरी म्हणजे एन तीन नाही. एकाच दिवशी, एकाच व्हायलमधून, एकाच मीडियममध्ये केलेल्या तीन विहिरी हा एकच प्रयोग. दोन हजार पेशी मोजल्या म्हणून एन दोन हजार तर मुळीच नाही. वेगळ्या आठवड्यात, वेगळ्या पासेजपासून, नव्याने डे झीरो केला की तो दुसरा.

रुग्णाची आयपीएस आणि निरोगी माणसाची आयपीएस यांची तुलना करत असाल तर आणखी सावध. दोन माणसांच्या पेशी तशाही वेगळ्या वागतात, आजाराशी संबंध नसताना. त्यापेक्षा एकाच लाइनमध्ये जनुक दुरुस्त करून किंवा बिघडवून तुलना करा, निदान दोन स्वतंत्र क्लोन (एकेका पेशीपासून वाढवलेले समूह) घेऊन. एकच क्लोन असेल तर संपादनाच्या वेळी भलतंच काही तुटलं का, हे कधीच कळणार नाही.

संख्याशास्त्र जाणणाऱ्या माणसाला प्रयोगाच्या आधी भेटा. नंतर भेटलात तर फार तर हळहळ मिळते.

८. कॅलेंडर पेशींचं, तुमचं नाही

मानवी पेशी सावकाश चालतात. उंदराच्या आणि माणसाच्या मोटर न्यूरॉनची तुलना करणाऱ्या २०२० च्या अभ्यासात, तेच टप्पे पार करायला माणसाला सुमारे २.५ पट वेळ लागतो असं दिसलं. मानवी पेशींत प्रथिनं जास्त काळ टिकतात, हे त्यामागचं एक कारण म्हणून पुढे आलं. औषधाचा डोस वाढवून हे घाईला येत नाही.

म्हणून उलटं मोजा. डे १० ला पेशी स्थिर करायच्या (रसायनाने आहेत तशा थांबवायच्या) असतील तर तो दिवस बुधवार-गुरुवारी यावा असा डे झीरो ठरवा. एका वेळी दोनच बॅच चालवा. मी चार चालवल्या होत्या, तिसऱ्या आठवड्यात कोणती प्लेट कोणत्या दिवशीची हे झाकणावरच्या पुसट शाईवरून ओळखत होते. गाइडना आठवड्यातून एकदा बिघडलेलं काम दाखवा, नुसतं जमलेलं नाही. ते चिडतील, पण बिघाड कुठे आहे ते त्यांना तुमच्याआधी दिसतं.

वहीत दर प्रयोगाला एवढं तरी: लाइन, पासेज, व्हायलची तारीख, पेशींची संख्या, प्रत्येक बाटलीचा लॉट नंबर, मीडियम बदलल्याची वेळ, आणि काही विचित्र वाटलं असेल तर ते. नळीवर अल्कोहोलने पुसली न जाणारी शाई किंवा गोठवायची चिकटपट्टी. साधा मार्कर इथेनॉलचा एक शिडकावा झाला की जातो.

चौथ्या वर्षी नायट्रोजनची टाकी साफ करताना मला एक जुना डबा सापडला. आत सहा नळ्या. माझंच अक्षर: 'न्यूरल, चांगल्या.' लाइन नाही, दिवस नाही, तारीख नाही. बराच वेळ त्या हातात धरून आठवायचा प्रयत्न केला, मग टाकून दिल्या.